अर्जीत नसलेलं दुकान

मी दारूला कधी शिवलो नाही, असं मी पूर्वी मोठ्या तोंडानं सांगत असे. खरं कारण पित्त. तरुणपणी पाहुण्यांकडे मोहाच्या दारूचा एक घोट घेतला आणि दोन दिवस आडवा पडलो. त्या पित्तालाच मी पुढे संयम म्हणू लागलो, आणि मी मास्तर असल्यामुळे गावानंही ते मान्य केलं.

निजामी अंमल होता. मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावात एक शाळा, एक जिनिंगचा कारखाना आणि कारखान्याच्या फाटकासमोर दारूचं दुकान. ज्यानं सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेतलेला, तो गुत्तेदार. त्याला धंदा कळत होता. त्या उघड्याबोडक्या रस्त्यावर सावली फक्त त्याच्या मांडवाची, आणि थंड पाण्याचा रांजणही त्याच्याच दारात. भोंगा वाजायच्या आधी तो अंगणात पाणी शिंपडून ठेवी, बाकं पुसून ठेवी, नव्या गिऱ्हाइकाला मूठभर फुटाणे फुकट देई. दिवसभर रुईचा धुरळा खाल्लेल्या माणसांना तो सांगे की घसा साफ करायला दारूसारखं औषध नाही.

गावात दारूबंदीचं मंडळ निघालं तेव्हा माझं उर्दू चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. पहिल्या सभेला मांडव गुत्तेदारानं दिला, सतरंज्या त्याच्याच, सरबतही त्याचंच. यात काही विचित्र आहे, असं आम्हा शहाण्यांपैकी एकालाही वाटलं नाही. मी तासभर बोललो. दारुड्याला लाज नसते, बायकापोरांची माया नसते, मनावर ताबा नसतो. दुकानाबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या गुत्तेदारानं वाजवल्या.

"बराबर बोल्लात मास्तर," तो म्हणाला. "मी काय कुनाच्या घशात वततो का? बिलकुल न्हाई."

मी त्याला हार घातला. घरी येऊन बायकोला सांगितलं की आपलं भाषण दारूवाल्यालासुद्धा पटलं. ती म्हणाली, "त्याला तर पटनारच!" आणि भाकरी थापायला बसली. मला वाटलं, बाईला भाषणातलं काय कळणार!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कारखान्यात कापूस निवडणारी एक बाई शाळेच्या दाराशी आली. तिचा नवरा तिथंच यंत्रावर कामाला होता.

"मास्तर, सरकारात अर्जी लिवून द्या. दुकान बंद करा म्हनत न्हाई मी. फाटकासमोरून हटवा, नदीपल्याड न्या. माझा नवरा दारू हुडकत जानारा मानूस न्हाई. पानी प्यायला म्हनून बाकड्यावर टेकतो, मंग उठतच न्हाई. आता दुपारच्या सुट्टीत बी पिऊन राह्यला, आन् तसाच यंत्रापाशी जाऊन राह्यला. एक दिस त्याचा हात जाईल, न्हाईतर काम जाईल."

माझ्या तासाभराच्या भाषणात जे आलं नव्हतं, ते तिनं उभ्याउभ्या सांगितलं. मला मात्र तिची मागणी फार साधी वाटली. अर्जीला शोभा यायला हवी होती.

अर्जी उर्दूतच लागायची. मी जीव ओतून लिहिली. पहिलं पान हुजुरांच्या गुणगानात गेलं. दुसऱ्या पानावर मी गावाच्या नीतीबद्दल शोक केला. मग दुकानापाशी येऊन लेखणी अडली. ज्याच्या मांडवाखाली भाषण ठोकलं, त्याचं सरबत अजून पोटात होतं. त्याच्याविरुद्ध उघड लिहिणं बरं दिसेना. म्हणून लिहिलं की काही बेलगाम इसम दारू पिऊन धिंगाणा घालतात, तरी योग्य बंदोबस्त व्हावा. बाकीचं साहेब समजून घेतील, असं मी ठरवलं.

तिनं अंगठा उठवला. "जल्दी हुईल न्हवं?"

"होईल," मी म्हणालो. अर्जीची नक्कल ठेवली आणि दोन-तीन जणांना पकडून वाचूनही दाखवली.

दीड महिन्यानं बंदोबस्त झाला. पोलिसांचे दोन जवान आले, गुत्तेदाराच्या रांजणातलं पाणी प्यायले, त्याच्याच मांडवात बसले आणि पिऊन उठणाऱ्यांना धरू लागले. पहिल्या चौघांत तिचा नवरा होता. चावडीसमोर सगळ्यांदेखत त्याला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. तक्रार कोणाची, तेही मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं त्याला कामावरून काढलं. गुत्तेदारानं मला वाटेत रामराम घातला, नेहमीपेक्षा वाकून.

संध्याकाळी ती आली. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"ती अर्जी हाय का तुमच्यापाशी? वाचून दावा."

मी नक्कल काढली आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागलो. हुजुरांचे गुण संपता संपेनात. ती खाली बसून लक्ष देऊन ऐकत होती. माझीच वाक्यं माझ्या तोंडातून निघेनात. बेलगाम इसम आले, बंदोबस्त आला, कागद संपला.

"खालचा आंगठा माझाच हाय न्हवं?"

"हो."

"मंग दुकान कुठं हाये यात?"

त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही.

दुसरी अर्जी मी दोन ओळींत लिहिली. कारखान्याच्या फाटकासमोरचं दारूचं दुकान तिथून हटवावं, बस. सरकारातून उत्तर कधी आलं नाही. माझी बदली झाली तेव्हाही दुकान तिथंच होतं, सावलीसकट. पण त्या अर्जीवर अंगठा उठवण्याआधी तिनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग शाळेच्या पुढच्या आळीत राहणाऱ्या, उर्दू वाचता येणाऱ्या शिंप्याकडे नेली आणि त्याच्याकडून पुन्हा एकदा.