कूलर बंद असलेलं घर

अमरावतीच्या स्टँडवर मी एका बैठकीत चार प्लेट गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा, वर डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी) खातो, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. त्या सकाळी एकही संपेना. कारण, अकोल्याला निघालोय म्हणून बाईला (आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात) फोन केला, तर ती हळूच म्हणाली, "येऊ नको. मले काम आहे." फोन कट.

माझी बाई निवृत्त नर्स, एकटी राहते. मीटर बघायला आलेल्या माणसालाही ती जेवल्याशिवाय सोडत नाही. तिनं भावाला येऊ नको म्हणणं म्हणजे वर्धा नदी उलटी वाहणं.

बडनेऱ्यापर्यंत बस बरी चालली. पुढे दोन्हीकडे काळी, भेगाळलेली रानं. एकेका भेगेत बैलगाडी मावेल, बैलांसकट. शेजारी बाळापूरचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना सगळं सांगितलं.

"आमच्याकडं एका गुर्जीले दोन दिवस मोबाइलवरच कोंडलं होतं," ते म्हणाले. "कोनाले सांगू नको, फोन बंद करू नको. आमी पोलीस हाओत म्हने."

मोबाइलवर माणूस कोंडतात कसा, म्हणून मी हसलो. पण मूर्तिजापूरला बस पंक्चर झाली आणि त्या पाऊण तासात माझं हसू सुकलं. बाईला नऊ फोन केले. नऊही वेळा ती दुसऱ्या कॉलवर.

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी सावलीसुद्धा झाडावर चढून बसते. अशा उन्हात बाईच्या घराच्या खिडक्या बंद होत्या आणि कूलरही बंद. मी कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं. बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"साहेब पाहून राहिले."

मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवलेला. पडद्यावर वर्दीतला माणूस, मागे झेंडा. कालपासून ती त्याच्यासमोर बसून होती. तिच्या आधारवर अमली पदार्थांचं पार्सल सापडलं, म्हणे. कूलरच्या आवाजानं साहेबांना ऐकू येत नाही, म्हणून तो बंद. थोड्या वेळानं बँकेत जाऊन निवृत्तीची सगळी रक्कम 'तपासणीसाठी' पाठवायची होती.

"कौन आया है? अपना आधार दिखाओ," वर्दी गरजली.

मी वाघाला काठीनं हाकलल्याची गोष्ट सांगत फिरणारा माणूस. खरं सांगतो, मी हात जोडले आणि खिशातून आधार अर्धं बाहेरही काढलं.

तेवढ्यात बाईनं विचारलं, "साहब, पानी पी लूँ?"

"पहले बँक."

वऱ्हाडात उन्हाळ्यात चोर धरला तरी आधी पाणी पाजतात, मग बडवतात. मी आधार खिशात घातलं आणि लाल बटण दाबलं.

"काहून बंद केला?" बाईनं धावत जाऊन दाराला कडी घातली. "आता घेऊन जातीन मले."

पुढचा अर्धा तास गल्लीत रिक्षा वाजली तरी आम्ही दोघं दचकत होतो. शेवटी तिला धरून ठाण्यात नेलं. तिथल्या हवालदारानं शांतपणे सांगितलं: पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत, तपासणीसाठी पैसे मागत नाहीत, घरच्यांपासून लपवा म्हणत नाहीत. कुणी तसं म्हटलं की फोन ठेवायचा आणि शेजाऱ्याला हाक मारायची. मग त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "पिऊ का?"

संध्याकाळच्या बसनं तिला सोबत घेऊनच परतलो. पैसे वाचले, आणि पराक्रम सांगायची मला हौस आहे. पण बसमध्ये कुणाचाही मोबाइल वाजला की बाई पदर सावरून ताठ बसायची, आणि बंद होईपर्यंत हलायची नाही. अमरावती येईपर्यंत मी काही बोललो नाही. तिचा हात तेवढा धरून ठेवला.