वन्संच्या अभ्यासाचं हळदीकुंकू

कैरी किसायला घेतली की तो आंबट वास नाकात शिरतो आणि मला लग्नानंतरचा नाशिकचा पहिला चैत्र आठवतो. माझ्या वन्सं तेव्हा बी.ए. होऊन मुंबईला पुढचं शिकत होत्या, आणि विषय काय, तर मालक-कामगारांचे संबंध! त्यासाठी आमच्या गल्लीतल्या बिडी कारखान्यातल्या बायकांशी बोलायचं होतं, नाहीतर पदवी अडणार. पण मुकादम डोक्यावर उभा, बायका मान वर करीनात. वन्सं रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "अहो, घरी चैत्रगौर बसलीय, सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलवू. बायकांत पुरुष कसा येईल?" झालं, हिंदू आल्या, मुसलमान आल्या, ओसरीभर पन्ह्याचा घमघमाट. मागोमाग मुकादम आलाच. "काय चाललंय आत?" सासूबाई म्हणाल्या, "या की, तुमचीही ओटी भरते!" तो आल्या पावली परत गेला. बायका खदखदून हसल्या आणि मग बोलल्या. "मुकादम लय बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाय, अन् त्याच बिड्या बाजारात विकतो." वन्सं म्हणाल्या, "मग 'वाईट बिड्या आमच्यासमोर मोडून टाका' म्हणा ना! सगळ्या मिळून म्हणा." दुसऱ्या दिवशी सगळ्या एका सुरात तसंच म्हणाल्या, आणि काय सांगू, त्या दिवशी एकही बिडी वाईट निघाली नाही! वन्संना पदवी मिळाली. मी शाळेची पायरी चढले नाही, पण त्या पदवीत माझा वाटा आहे, हे आजही ठणकावून सांगते.