न रंगवलेल्या चाळीस पाट्या

तिला सगळे रेघ म्हणायचे. एक तर अंगाने ती तशीच, आणि पट्टी न लावता दुकानाच्या पाटीवर अशी सरळ रेघ ओढायची की सुतारानेही तोंडात बोट घालावं. वय एकोणीस. पाट्या रंगवायचा धंदा बापाचा. बापाचा हात थरथरू लागला, तसा कुंचला आपसूक तिच्याकडे आला, उताराला पाणी यावं तसा.

रंगवताना ती या जगात नसायची. ओलं असेपर्यंत अक्षर जिवंत असतं, असं तिला वाटे. 'क' मान वळवून बघतो, 'म' गुडघे पोटाशी घेऊन बसतो. टर्पेन्टाइनच्या वासाने डोळे जड व्हायचे आणि ओट्यावरून बाप ओरडायचा, "अगं, चपलांच्या दुकानाची पाटी आजच द्यायचीय! का चपलांना पंख फुटायची वाट बघतेस?"

अशात जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून बोलावणं आलं. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी गावच्या दवाखान्यात वेगळी खोली आधीपासून होती, तशी आता आणखी चाळीस दवाखान्यांत होणार होती. शरीराचं, पाळीचं, मनातलं काहीही तिथे विचारता यावं. नियम ठरवायला समिती बसली होती. सातवा नियम पाटीचा: सहा फुटी, लाल अक्षरं, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी. नमुना पसंत पडला की चाळीसही पाट्या रेघेच्याच. शिवाय समितीत कुणीतरी तरुण हवं होतं. गावच्या दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर समितीत होत्या, त्या म्हणाल्या, "पाटी घेऊन येणारच आहेस, तर बसही."

दोन बैठकांना ती बसली. भिंतीशी खुर्ची, कपभर चहा, कागदावर सही. विचारलं कुणी काही नाही.

बाप मात्र हरखला होता. "चाळीस! दोन वर्षं चुलीची काळजी नाही."

नमुन्यावर 'किशोरवयीन लैंगिक व प्रजनन आरोग्य कक्ष' एवढं लांबलचक लिहिताना तिचा हात मध्येच थांबला. पंधराव्या वर्षी चार महिने तिची पाळी आली नव्हती. आई नाही, विचारणार कुणाला? गावच्या दवाखान्याच्या अशाच पाटीसमोर, रस्त्यापलीकडे, ती तासभर उभी होती. पाटीखालच्या बाकावर शेजारच्या काकू औषधाची वाट बघत बसलेल्या. ती आल्या पावली परत फिरली. पुढे पाळी आपोआप आली. पण ते चार महिने आपण आता मरणार असं धरूनच ती जगली.

दुपारी ओट्यावर तिचा डोळा लागला. बघते तर चाळीस पाट्या रस्त्याने चाललेल्या, आणि प्रत्येकीखाली एकेक मुलगी. लाकडाची मोळी न्यावी तशी पाटी डोक्यावर धरून, मान खाली घालून. रस्ता संपत नव्हता आणि त्यांतली एकही कुठल्याच दारात शिरत नव्हती.

तिसऱ्या बैठकीला नमुना सगळ्यांना दिसावा म्हणून शिपायाने सभागृहाच्या दारावरच टांगला. बाहेर दाखल्यांसाठी माणसांची ही रांग. पाटीखालून एक सदस्य आत शिरले तसा रांगेतून आवाज आला, "काका, या वयात?" रांग खदखदली. बाकीचे सदस्य फाइल तोंडासमोर धरून घुसले. समितीचे प्रमुख साहेब सगळ्यांत उशिरा आले, तेही चहाच्या खोलीतून, मागच्या दाराने.

"अक्षर झकास आहे," साहेब रुमालाने कपाळ टिपत म्हणाले. "सातवा नियम मंजूर समजायचा ना?"

रेघ उठली. चाळीस पाट्या तिच्या जिभेवर येऊन बसल्या होत्या, जड जड.

"साहेब, तुम्ही मागच्या दाराने का आलात?"

मोठ्या सिस्टरनी पदराआड हसू लपवलं.

"बाहेर गर्दी होती," साहेब म्हणाले.

"आमच्याही दवाखान्यात असते. तुमचे केस पिकलेत, तरी तुम्हाला त्या पाटीखालून यायला लाज वाटली. पंधरा वर्षांच्या मुलीने कसं यायचं?"

"मग काय, खोली लपवायची?"

"लपवू नका. विचारा. दार कुठून हवं, वेळ कोणती, पाटी हवी का, ते तिथल्याच मुलामुलींना विचारा. डोळे-दात तपासतात त्याच दाराने येऊ दिलं, तरी पुष्कळ येतील."

"आमच्या खोलीच्या वहीत वर्षभरात तीन नावं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यातला एक मुतारी कुठे म्हणून विचारायला आला होता."

साहेबांनाही हसू आवरेना. मग त्यांनी नियमांचा कागद पुढे ओढला आणि स्वतःच्या हाताने सातवा नियम खोडला. वर लिहिलं: तिथल्या मुलामुलींना विचारून ठरवावे.

ती घरी आली तेव्हा बाप कुंचले धूत बसला होता. तिचं तोंड बघून त्याने विचारलं,

"गेल्या पाट्या?"

"गेल्या, बाबा. मीच घालवल्या."

का, ते तिने सांगितलं. मुलगी, काकू, रस्त्यापलीकडचा तो तास. मुलगी कोण, ते मात्र सांगितलं नाही. बाप धुतलेलाच कुंचला पुन्हा धुवायला लागला.

"ती मुलगी तूच ना गं?"

तिने मान डोलावली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगणार, बाबा?"

त्याने हात पुसले. तिला अवघडायला होऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे करून बसला आणि म्हणाला, "आता सांग."

तिने सांगितलं. भिंतीवरचं ऊन सावकाश खाली उतरत गेलं, आणि तो एकदाही मध्ये बोलला नाही.