सोमवारचा नळ

...आणि मिठाची ती गोणी सुमित्रावहिनीनं पायरीवरच अडवली. इथपर्यंत काल आलो होतो, नाही का? तेवढ्यात जेवायची हाक आली आणि गोणी बिचारी पायरीवरच राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, मग गोणी उचलू.

ग्वारीघाटच्या रस्त्याला आमची कॉलनी. नर्मदामैया इथून हाकेच्या अंतरावर, पण तिची पाईपलाईन अजून आमच्या गल्लीत पोचलेली नाही. सगळी घरं बोरच्या पाण्यावर. आणि बोरचं पाणी म्हणजे दगड धुतल्यासारखं जड. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या खाते आणि तरी दाताखाली येते. माझ्या शेजारी शांताराम गावंडे राहतो. तो आणि मी एकाच फॅक्टरीतून रिटायर झालो, त्याच्या लग्नात मी वाढपी होतो. सुमित्रावहिनी ही त्याची बायको. मुलगा अनुपम बँकेत, सून अश्लेषा कॉलेजात शिकवते. गीझरची कॉईल पुन्हा एकदा जळाली तेव्हा अनुपमनं ठरवलं, पाणी मऊ करायची मशीन बसवायची. पूर्ण घराला, एकदाच.

तर कंपनीचा फिटर आला, मुरलीधर नावाचा. छतावरच्या टाकीखाली त्यानं एक लांबोळकी निळी टाकी उभी केली, शेजारी एक पिंप ठेवलं, आणि खाली येऊन टेम्पोतून गोणी काढली. वहिनी दारातच तांदूळ निवडत होती.

"हे काय आहे, भैया?"

"नमक है, माताजी. मशीन में डलेगा."

वहिनीनं सूप बाजूला ठेवलं. पाय लांब केले. पायरी बंद झाली.

"पाण्यात मीठ?"

"नहीं नहीं माताजी! नमक से सिर्फ़ मशीन के अंदर की सफ़ाई होती है. फिर वो पानी नाली में. आपके नल में एक दाना नहीं आएगा."

"म्हणजे गोणी पूर्ण नालीत जाणार?"

"हाँ जी."

"पूर्ण? हात ठेव त्या गोणीवर आणि सांग, सब का सब?"

मुरलीधर सरळ माणूस. त्यानं गोणीवर हात ठेवला, आणि मग त्याची जीभ अडली. "मतलब... थोड़ा सा असर तो आता है माताजी. नाममात्र. मुँह को पता भी नहीं चलता."

"माझ्या तोंडाला नाही कळलं तरी मला कळलं ना आता," वहिनी म्हणाली.

आता यात बिघडलं काय, ते ऐका. सुमित्रावहिनीचा सोमवार अळणी असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत मिठाचा कण तोंडात नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. ताप असो, लग्नघर असो, प्रवास असो. एकदा आगगाडीत सोबतच्या बाईनं प्रेमानं खाकरा पुढं केला तर वहिनी इटारसीपर्यंत तो हातात धरून बसली, पण खाल्ला नाही. सगळी कॉलनी म्हणते, महादेवाचं कडक व्रत आहे. वहिनी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आणि घरच्या फिल्टरचं पाणी ती पीत नाही, स्वयंपाकघरातल्या नळाचंच पाणी माठात भरते आणि तेच पिते.

संध्याकाळी अनुपम आला तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "मशीन लाव, शंभर वेळा लाव. पण स्वयंपाकघरात एक नळ मशीनच्या आधीच्या पाण्याचा ठेव."

"आई, त्याच्यासाठी वरून वेगळा पाईप आणावा लागेल. भिंत फोडा, टाईल फोडा. आत्ता दिवाळीत तर किचन नवं केलं! आणि नाममात्र म्हणे. नाममात्रानं व्रत मोडते का कुठं?"

"मोडते."

"कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे?"

"माझ्या."

शांताराम काय म्हणाला, विचाराल. शांतारामनं कानातली ऐकायची मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवली होती. घरात असं काही निघालं की तो नेहमी हेच करतो.

तर मशीन लागली, पूर्ण घराला. दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ शांतारामची. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. आतून तांब्याचा आवाज, पाणी, तांब्या, पाणी. मग ओरडला, "अरे, साबण निघून नाही राहिला! अंग गुळगुळीतच्या गुळगुळीत!" अश्लेषा दाराबाहेरून सांगते, "बाबा, साबण निघाला आहे. मऊ पाणी असंच लागतं." पण कानातली मशीन डबीत. त्यानं पूर्ण टाकी अंगावर रिकामी केली आणि थरथरत बाहेर येऊन म्हणाला, "काय कंपनी आहे, साबणाचा पैसा वसूल करून दिला!" मी कुंपणावर रेलून पोट धरून हसत होतो.

आणि मग आला सोमवार.

सकाळी फाटक वाजलं. पाहतो तर वहिनी. काखेत पितळेची कळशी, डोक्यावर पदर, चेहरा मिरवणुकीत चालल्यासारखा.

"भाऊजी, तुमच्या नळाला मशीन नाही ना?"

"आमच्या नळाला धड तोटीही नाही, वहिनी. चिंधी बांधली आहे."

"मग चिंधी सोडा."

कळशी भरली. मी म्हटलं, नातवाला पाठवतो पोचवायला. तर म्हणे, "काहून? मला हात नाहीत का?" आणि मागच्या दारानं जायचं सोडून ती समोरच्या रस्त्यानं गेली. दूधवाला उभा, शाळेच्या ऑटोत पोरं कोंबलेली, समोरच्या मीरादीदी झाडू घेऊन फाटकात. "अरे गावंडे भाभी! घर में पानी नहीं है क्या?"

वहिनी थांबली. कळशी या काखेतून त्या काखेत घेतली. "है ना, बहुत है. लेकिन नमक वाला है."

झालं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की गावंड्यांच्या बोरला खारं पाणी लागलं. एक जण तर अनुपमला बँकेत फोन करून विचारता झाला, "भैया, सुना है आपके यहाँ समुंदर निकल आया?"

रात्री अनुपम माझ्याकडे आला. लाल झालेला. "काका, एक विनंती आहे. सोमवारी तुमचा नळ बंद ठेवा."

"आमच्या शाळेत मास्तर सांगत, विद्या आणि पाणी मागेल त्याला द्यावं. विद्या तर मला चौथीपुढं मिळाली नाही. पाणी आहे, ते देतो."

"पण लोक हसून राहिले ना!"

"मग तू टाईल फोड."

"ते नाही होणार. ती जिद्दी आहे तर मीही तिचाच मुलगा आहे."

पुढच्या सोमवारी पुन्हा कळशी. त्याच्या पुढच्या सोमवारी पाऊस. वहिनी छत्री घेऊन आली, आणि छत्री धरली कळशीवर. स्वतः भिजली. मी म्हटलं, "अहो, पाण्याला पाण्यापासून काय जपता?" तर म्हणे, "हे मोजून मापून माझं पाणी आहे, भाऊजी. त्याच्यात वरचं कशाला मिसळू?"

त्या दिवशी मागोमाग अश्लेषा आली. कॉलेजला निघालेली, हातात रेनकोट, आणि अशी चिडलेली की चिखलाची पर्वा नाही. "आई, माझ्या वर्गातली मुलगी परवा विचारत होती, मॅडम, तुमची सासू दुसऱ्यांकडून पाणी काहून नेते म्हणून. मी काय सांगू? की महादेवाला नाममात्रही चालत नाही? खरं सांगा, देव खरंच एवढं मोजत बसतो का?"

कळशी भरत होती. वहिनीनं तिच्याकडे वर पाहिलं.

"महादेवाचा काय संबंध?"

"व्रत त्याचंच ना?"

"लोक म्हणतात. मी कधी म्हटलं?" मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हे होते त्या पंगतीला. विचार यांना."

होतो मी. पण माझ्या आधी तीच बोलली. नवी नवरी होती, वरूडकडून आलेली, घरात पंगत आणि डाळीत मीठ थोडं जास्त पडलं. सासूनं वाढता वाढता सगळ्यांसमोर विचारलं, हिच्या माहेरी मिठाची गोणी फुटली होती काय गं? सगळे हसले. नवरीही हसली. आणि तिथंच म्हणाली, आज सोमवार आहे. आजपासून सोमवारी माझ्या तोंडात मीठ जाणार नाही. स्वयंपाक मात्र मीच करणार, एक थेंब न चाखता. ज्या दिवशी मीठ चुकेल त्या दिवशी मला माहेरी पाठवा.

"मग?" अश्लेषानं विचारलं.

"मग काय? चुकलं नाही."

"कधीच?"

"तू इतके सोमवार जेवून राहिली. तूच सांग."

कळशी भरून वाहायला लागली तरी दोघींचं लक्ष नाही, शेवटी नळाला चिंधी मीच पुन्हा बांधली. मग ती पोरगी खाली वाकली आणि कळशी स्वतःच्या कमरेवर घेतली. कॉलेजची चांगली साडी ओली झाली.

"हे आधी काहून नाही सांगितलं, आई? महादेवासाठी मी टाईल फोडली नसती. याच्यासाठी फोडते."

आणि तिनं फाटकातूनच मुरलीधरला फोन लावला. अनुपम बँकेतून परत आला तेव्हा नव्या किचनच्या भिंतीला मुठीएवढं भोक होतं आणि मुरलीधर छतावर पाईपाला चुडी, म्हणजे आटे, पाडत बसला होता. अनुपमनं तोंड उघडलं, तर अश्लेषा म्हणाली, "माझ्या पसंतीची टाईल होती, मीच फोडली. तुम्ही चहा घ्या." शांतारामनं डबीतून मशीन काढून कानात घातली. इतकं चांगलं ऐकायला त्याला फार दिवसांनी मिळत होतं.

मशीनच्या आधी पाईपाला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून बारीक पाईप बाहेरच्या भिंतीवरून खाली आणला. आता ओट्यावर दोन नळ आहेत. मऊ पाण्याचा चकचकीत, डाळ-भांड्यांसाठी. आणि बाजूला पितळेचा छोटा, वहिनीचा. त्याच्या तोंडाला आत्ताच पांढरी दाढी फुटायला लागली आहे.

त्यानंतरच्या सोमवारी मलाही जेवायला बोलावलं. वहिनीनं पितळी नळाचं पाणी पेल्यात घेतलं, सगळ्यांसमोर, सावकाश प्याली. अश्लेषा वाढत होती. अनुपम अजून थोडा फुगलेलाच. घास मोडता मोडता म्हणाला, "आई, एक विचारू? आजीला जाऊन जमाना झाला. मग आता ही जिद्द कोणाला दाखवून राहिली?"

वहिनीनं पेला खाली ठेवला. डाळीचं भांडं त्याच्या ताटाकडे सरकवलं, आणि म्हणाली:

"तुझ्या आजीनं जाता जाता मला हात धरून सांगितलं होतं, सुमित्रा, खाऊन घे आता मीठ, मी हरली. मी म्हटलं, तुम्ही हरल्या असाल सासूबाई, मी थकली कुठं? ते जाऊ दे. इतके सोमवार डाळ कळशीतल्या पाण्यात शिजायची, ही सोमवारची मशीनच्या पाण्यातली पहिली डाळ आहे. खा, आणि मीठ कमी-जास्त असेल तर तोंडावर सांग. मी चाखली नाही."