पोरीला दिलेला मराठी पेपर

शेवया पाडायला दोन माणसं लागतात. आमचा पितळी सोऱ्या तीन पायांचा. वरचा दांडा फिरवायला जोर लागतो म्हणून दांडा माझ्याकडे, आणि खालचे पाय घट्ट धरून बसायचं काम बायकोकडे. त्या रविवारीही तसंच. ती तांदळाच्या उकडीचे गरम गोळे आत टाकत होती, मी पिळत होतो, आणि दोघं भांडत होतो.

भांडण नातीवरून. नात दहा वर्षांची. गणित असं सोडवते की मास्तर खडू खाली ठेवून बघत राहतो. तिच्या शाळेत परीक्षा झाली आणि तिची निवड झाली. हुशार पोरं वेचायची, मद्रासजवळच्या वसतिगृहात ठेवायची, बारावीपर्यंत फुकट शिकवायचं, अशी कसलीशी योजना. अजून एक परीक्षा बाकी होती, मग झालं. त्यांचा मोठा साहेब घरी येऊन गेला होता. पुण्याकडचा. पाटावर बसून कॉफी प्यायला आणि म्हणाला, अशी मुलं अशा गावात वाया जातात.

वाया. मी या गावात जन्मलो, मिलमध्ये भाताची पोती उचलली, संसार केला. वाया म्हणे.

मी म्हणत होतो, पाठवायची नाही. दहा वर्षांच्या पोरीची वेणी तिथं कोण घालणार? बायको म्हणत होती, वेणी ती स्वतः घालेल, तुम्ही चौथीत शाळा सोडली म्हणून सगळ्यांनी सोडायची काय. मी दांडा जोरात पिळला. ती म्हणाली, रागाचं पीठ लोखंडासारखं होतं, हळू फिरवा.

तेवढ्यात नात नारळ आणायला दुकानात निघाली. दारातून म्हणाली, ताता, मी जाऊ? मला ती ताता म्हणते, इथली तमिळ पोरं आजोबाला म्हणतात तसं. आजीला मात्र आजीच. मी म्हटलं, जा.

बायको म्हणाली, "जा काय? जाऊन ये म्हणा. निघालेल्या माणसाला नुसतं जा म्हणतात होय?"

नारळ आणायला निघाली होती, काशीला नव्हे. पण म्हटलं. जाऊन ये.

दुसऱ्या दिवशी जेवण करून बायको हाताची उशी करून आडवी झाली, ती उठलीच नाही. माझ्याआधी जायचं तिचं काही ठरलं नव्हतं. न विचारता गेली. तो राग अजून आहे, कुणी समजूत घालायला येऊ नये.

दिवसपाणी झालं आणि आठवड्यानं ती दुसरी परीक्षा आली. मुलगा वीज खात्यात, त्याला रजा नाही. सून म्हणाली, मामंजी, तुम्हीच न्या. नेलं. टाउन बसनं नेलं, शाळेच्या पटांगणात कडुलिंबाखाली बसलो. बाहेर भिंतीवर जिकडे तिकडे कंप्युटर शिका, कंप्युटर शिका. सगळ्या गावाला घाई झालेली.

पोर बाहेर आली ती ओठ आवळून. मी विचारलं, कठीण होता?

"ताता, पेपर आपल्या भाषेत होता. मला वाचताच आला नाही."

मग कळलं. साहेब घरी आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, मातृभाषा कुठली? मी मागून खुणावत होतो, तमिळ सांग, मोकळी हो. बायकोनं मान ताठ करून सांगितलं, मराठी. साहेब खूश झाला, लिहून घेतलं. आणि त्या एका शब्दावरून दिल्लीकडून पोरीला मराठी पेपर आला. देवनागरीत.

आता हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहून आम्ही घरात मराठी बोलतो, भांडतो मराठीत, देवाला हाक मारतो मराठीत. लिहायचं झालं तर तमिळ अक्षरांत लिहितो. बायकोची किराणा यादी तशीच असायची, मराठी शब्द, तमिळ अक्षरं. हेही मी तसंच लिहितोय, पुढं कुणी देवनागरीत उतरवलं तर त्याचे उपकार. पोरीनं त्या पेपरात जिथं नुसते आकडे होते ती गणितं सोडवली. जिथं शब्द होते तिथं कोरं.

मी आत गेलो. तोच पुण्याचा साहेब टेबलाशी बसलेला. मी सांगितलं, पोरीला तमिळ पेपर द्या. तो हसला. म्हणाला, आजोबा, तुमचं मराठी किती गोड, अगदी जुनं. मी म्हटलं, गोड राहू दे, पेपरचं बोला. मग त्यानं आवाज बदलला. मराठी असून मराठी वाचता येत नाही, कमाल आहे म्हणाला.

मी म्हटलं, "तुमच्या आईनं तुम्हाला पाळण्यात गाणं म्हटलं तेव्हा पाटी समोर धरली होती काय?"

त्याचे कान लाल झाले. नियम सांगू लागला. शेवटी म्हणाला, तमिळ मुलांची परीक्षा उद्या सकाळी आहे. तिला बसवतो. पण मातृभाषा मराठी लिहिलंय, ते घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं खोडून तमिळ लिहायचं.

मी उठून निघालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पोर नापास होईल, घरी राहील, विषय संपला. मला तरी दुसरं काय हवं होतं.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं. तो दमून आला होता, शर्ट काढता काढता म्हणाला, "आईनं उगीच मराठी सांगून घोळ केला."

पोर दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा मी पाहिला. रडायला जागा नसल्यासारखा.

मी मुलाला नको ते बोललो. त्याच्या बायकोसमोर बोललो, शेजाऱ्यांनी ऐकावं असं बोललो. अजून तिच्या साड्या दोरीवरून उतरवल्या नाहीत आणि तुला दोष ठेवायला तीच सापडली? जेवण कुणी नीट केलं नाही. मी झोपाळ्यावर बसून राहिलो. आता नापास झाली तर ही पोर जन्मभर म्हणणार, आजीमुळं. तिला पाठवायची की नाही ते आम्ही घरात बसून ठरवू, भांडून ठरवू. पण तिला जमलं नाही असं त्या टेबलावरच्या माणसानं ठरवायचं नाही. आणि बायकोचा शब्द मी खोडायचा, हेही व्हायचं नाही.

सकाळी आंघोळ करून पोरीला उठवलं. वेणी सुनेनं घातली. पुन्हा तीच बस, तोच कडुलिंब. तमिळ मास्तर वर मुलांना बसवत होते, खाली टेबलाशी साहेब एकटाच. माझ्याकडे न बघता कागद पुढं सरकवला, पेन दिलं, बोट ठेवून जागा दाखवली. खोडा आणि तुमच्या अक्षरांत तमिळ असं लिहा म्हणाला.

मी खोडलं नाही. त्याच्या मराठी शब्दाच्या शेजारी, तमिळ अक्षरांत, मोठं मोठं लिहिलं. मराठी.

त्यानं कागद फिरवून पाहिला. जिलेबीसारखी गोल अक्षरं दिसली, त्याचं समाधान झालं; खोडलं नाही हे त्यानं मनावर घेतलं नाही. ठीक आहे, म्हणाला, आणि तमिळ गठ्ठ्यातला पेपर पोरीच्या हातात दिला. पोरीनं माझं अक्षर वाचलं होतं. तिनं ओठ आत ओढून हसू दाबलं. आजी गेल्यापासून पहिल्यांदा.

मला हसू आलं नाही. राग तसाच होता, त्याच्यावर, मुलावर, न विचारता गेलेल्या बाईवर. जिन्याशी पोर थांबली, मागे वळली.

"ताता, मी जाऊ?"

"जाऊन ये," म्हटलं.