दोन शिफ्टांचं अंतर

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी उभी हयात मीटर वाचण्यात घालवली. एक मीटर सांगतो म्हणून आकडा लिहायचा नाही, दुसऱ्या मीटरशी ताडून पाहायचा आणि मगच वहीत, ही आमची रीत. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचंही एका फटक्यात खरं मानणं मला जमत नाही.

बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि टोरंटोहून पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, यायलाच दोन दिवस लागतात, जायला दोन. सुट्टी त्यातच संपते." माझ्या कपाळाला आठी पडली. बायको आठवडाभर पोरीच्या खोलीतली गादी उन्हात टाकत होती.

दुपारी मोबाइलवर शोधलं. नागपूर ते टोरंटो, बारा हजारांवर किलोमीटर, उडण्याचा वेळ पंधरा-सोळा तास. म्हणजे दोन शिफ्ट! बदली माणूस आला नाही की एवढा वेळ आम्ही उभ्यानं ड्युटी काढत असू. खाली बारीक अक्षरात होतं की हे सरळ रेषेतलं अंतर आहे, थेट विमान नाही. ते वाचलं, पण मनावर घेतलं नाही. वाटेत विमान बदलायला थांबली तरी चार-सहा तास. बाकीचे तास गेले कुठे? पोरगी नक्की काहीतरी लपवते. मला राग आला, आणि त्या रागाखाली भीती होती की हिला यायचंच नाही.

पोरीला फोनवर ऐकवायचे म्हणून आकडे कागदावर उतरवायला बसलो, आणि मला दुसरा मीटर आठवला.

माझं गाव धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात. नोकरी नवी होती तेव्हा माय दर सणाला निरोप धाडायची. मी उलट निरोप द्यायचो, "यायले पुरा दिवस मोडते माय, सुट्टी नाई भेटत." एसटीनं चार तास लागायचे. एकदा तीच निघाली, पहिल्या गाडीनं, चारोळीची पुरचुंडी घेऊन. मी दुपारी पहिली पाळी संपवून घरी पोचलो तर ती जेवून, हात धुऊन बसलेली. माझं तोंड उतरलं. तिनं ते पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आज गाडी लय जोरात आली बाई." त्यानंतर तिनं मला कधी बोलावलं नाही. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

मी कागद चुरगळला. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "पाह्यलं का मोबाइलात? किती येळ लागते?"

"दोन दिवस," मी म्हणालो. "पोरगी बरोबर सांगून राह्यली."

तिनं अंगणातली गादी गुंडाळली आणि लंगडत आत नेली. दारातून म्हणाली, "मंग हे विमानबी धानोऱ्याच्याच रस्त्यानं येत असन."