दोघं मिळून

दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ह्यांचा फार मान. सव्वीस जानेवारीला झेंडा ह्यांच्याच हातून, आणि नंतर समोशांबरोबर तोच प्रश्न: "सर, कौन कौन से जहाज़ उड़ाए?" हवाई दलातल्या इतक्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, पण स्वारी अशी काही खुलते की शाळकरी पोरगं परवडलं. मी चहाच्या निमित्ताने उठते. ह्यांच्या नोकरीतलं जे काम मी केलं, त्याबद्दल कुणी विचारत नाही, ते बरंच आहे.

हे हवाई तळाचे प्रमुख होते तेव्हाचं ते काम. विमान पडून वैमानिक गेला, तर त्याच्या बायकोला फोनवर सांगत नसत. प्रमुखाने गणवेशात स्वतः जायचं, आपल्या बायकोला बरोबर घ्यायचं. मागे डॉक्टर. भर दुपारी साहेब आणि मेमसाहेब एका गाडीतून निघाले, की क्वार्टर्समधल्या बायका पडद्याआडून बघायच्या. गाडी दुसऱ्या गल्लीत वळू दे रे देवा, म्हणायच्या. वळली की स्वतःचीच लाज वाटायची. मीही त्या पडद्याआड उभी राहिलेय, म्हणून सांगते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हे बोलत होते आणि आत डाळ करपत होती. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. त्यानंतर प्रत्येक घरी मी आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करायची, मग हे बोलायचे. सुनेला हे मीच एकदा सांगितलं होतं. ती लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, फायलीवाल्यांच्या घरची. माझा मुलगाही वैमानिक, तेव्हा तिला माहीत असलेलं बरं, असं मला वाटलं.

मागच्या हिवाळ्यात मुलाची बदली इथे जवळच झाली. त्याच्या वाढदिवसाला हे म्हणाले, "चल, सुनेला सरप्राइज देऊ." एका समारंभातून परस्परच निघालो, त्यामुळे ह्यांच्या अंगात पदकं लावलेला ब्लेझर, माझ्या हातात पुरणपोळ्यांचा डबा. इतकी वर्षं तेच केलेली आम्ही दोघं, पण अक्कल गहाण टाकल्यासारखी बेल वाजवून उभी राहिलो.

सुनेने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या पदकांकडे. "या" म्हणाली नाही. आत दूध उतू जात होतं. तो चर्र आवाज ऐकला आणि माझे पाय आपोआप आत गेले. मी गॅस बंद केला.

वळले, तर ती दाराशी खाली बसलेली. "आई, बोलू नका. प्लीज, बोलू नका," एवढंच म्हणत होती. हे गुडघ्यांवर बसून ओरडत होते, "अगं, वाढदिवस! वाढदिवसाला आलोय आम्ही!" तिला ऐकूच जात नव्हतं. मी वेड्यासारखी डबा उघडून पुरणपोळ्या तिच्यासमोर धरल्या. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती.

ह्यांनी मुलाला फोन लावला. तो वाजत राहिला, तेवढ्या वेळात माझ्याही मनात पाल चुकचुकली. मग स्पीकरवर त्याचा आवाज आला, "काय यार बाबा, मीटिंगमध्ये आहे मी." सुनेने फोन ह्यांच्या हातातून घेतला आणि तो बंद झाल्यावरही कानाशी धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने ती उठली. ओट्यावरचं दूध पुसलं, चहाचं आधण ठेवलं. हे सोफ्यावर बसले होते, ब्लेझर काढून उलटा घडी करून मांडीवर ठेवलेला. मी मदतीला गेले, तर तिने मला हाताने अडवलं आणि गॅस स्वतःच पेटवला.

"आई," ती आधणाकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही एकट्या या. नाहीतर बाबांना एकटं पाठवा. दोघं मिळून नका येऊ."